पाऊणकी

फॉर्मात रकाना होता : प्रकल्पाचे शीर्षक.
नववी ब ने लिहिलं,
आपल्या खाडीला पाणी किती वाजता भरतं?
मोठ्या बाई म्हणाल्या, प्रश्नचिन्ह काढा,
शीर्षकाला प्रश्नचिन्ह नसतं.
मी हो म्हणालो, आणि काढलं नाही.

गणपतीच्या मांडवातून उरलेला बांबू,
वर्गाच्या दाराचा उरलेला ऑइलपेंट,
दर दहा सेंटिमीटरला एक लाल रेघ.
शाल्मली धायगुडेला मध्येच शिंक आली,
म्हणून सत्तर जरा जाड आहे.

शनिवारी शाळा सुटल्यावर
घणसोली गावठाणामागच्या धक्क्याशी
आम्ही तो रोवला.
म्हणजे हर्षाली मढवीने रोवला.
बाकीचे तीसजण आणि मी
चिखलात एकमेकांच्या चपला शोधत होतो.
वर्गात मागच्या बाकावर गप्प असणारी ही पोर
इथे पाय कुठे टाकायचा ते ओरडून सांगत होती.

तिची आई खुबे वेचून वर आली.
"कशाला मोजताव? आज चवथ हाय.
चाराची पाऊनपट कती?"

कुणालाच येईना.
मलासुद्धा बोटं हलवावी लागली.
एकवीस वर्षं गणित शिकवतोय.
पाऊणकी माझ्या आधीच कधीतरी
पुस्तकातून गाळली गेली,
आणि इथे ती डोक्यावर टोपली घेऊन
पोटरीपर्यंत चिखलात उभी होती.
"तीन," ती म्हणाली. "तीनला भरंल."

दोनपासून दर दहा मिनिटांनी नोंद.
पन्नास. जाड सत्तर. ब्याण्णव.
तीन वाजले. पाणी चढतच होतं.
तीन दहा. तीन वीस.
तीन चाळीसला एकशे चाळिसाच्या रेघेला टेकलं
आणि थांबलं,
घराबाहेर पडताना किल्ली आठवावी तसं.

प्रज्ञेश शेडगे हळूच म्हणाला,
"सर, तीनच लिहू? प्रदर्शनात बरं दिसेल.
काकूही खोट्या पडणार नाहीत."

मी लगेच बोललो नाही.
कॉलेजच्या दुसऱ्या वर्षी लंबकाचं प्रॅक्टिकल होतं.
उत्तर सगळ्यांना पाठ, नऊशे ऐंशी.
तिथून उलटा चालत येऊन
मी वीस निरीक्षणं लिहिली होती,
लंबकाला हात न लावता.
दहापैकी नऊ मिळाले.
तो लंबक अजून तसाच लटकतोय, सरळ, न हलता.

"तीन चाळीस लिही," मी म्हणालो,
जरा जास्तच मोठ्याने.
"आणि असं का, ते सरांना माहीत नाही,
तेही लिही."

वर्गाने माझ्याकडे बघणं सोडलं.
सगळे पाण्याकडे बघू लागले.

हर्षालीच आईला विचारून आली.
आई टोपली उतरवून हसत होती :
"तीन मंजे बंदरावं. तिथशी पानी
इथवर चालत येतं नं? येल नको लागाय?"

चालत येतं.
मग किती वेगाने चालतं?
प्रज्ञेशने धक्क्याच्या फरशीवर
ओल्या बोटाने भागाकार मांडला.
खाली चाळीस मिनिटं. वरती अंतर,
ते कुणाकडेच नव्हतं.
कुणी नकाशा म्हणालं, कुणी बार्जवरचा मामा,
कुणी म्हणालं खाडी वाकडी आहे, पट्टी चालणार नाही.
भांडण बसस्टॉपपर्यंत पुरलं.
भागाकार मागे उन्हात वाळून गेला.

फाईल शुक्रवारी द्यायची आहे.
निष्पत्तीच्या रकान्यात दोनच ओळी मावतात.
शाल्मलीने तिसरी समासात लिहिलीय.

बांबू अजून तिथेच आहे.
ओहोटीला एक खंड्या येतो आणि बसतो.
त्याची वेळ, दिशा आणि तोंडात काय होतं
हे सगळं नोंदवहीत आहे.
ते लिहा असं मी कुणाला सांगितलं नव्हतं.